हळदीच्या मानाची बाटली

मित्रांनो, माझ्या झाकणावर ग्लासांच्या बुडांनी उमटवलेली सव्वीस वर्तुळे आहेत. माझे वय विचारणाऱ्याला मी तीच दाखवतो. मी एक जुना बेंजो आहे. सागाची लांबट पेटी, वर ताणलेल्या तारा आणि टंकयंत्रासारखी बटणे, एवढाच माझा देह. संगीतावरच्या जाडजूड ग्रंथांत मला जागा मिळालेली नाही. मुरबाड-शहापूरकडे मात्र मी वाजल्याशिवाय नवरदेवाच्या अंगाला हळद चिकटत नाही, अशी समजूत आहे. ग्रंथांपेक्षा मला ती अधिक मोलाची वाटते.

वाचन म्हणाल तर माझे बरे आहे. लग्नांचा हंगाम सरला की मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवत. आठ महिने एकच पान डोळ्यांसमोर असले की ते पाठ होते. असे मी बरेच काही पाठ केले आहे आणि त्यातले फारच थोडे विसरता आले आहे.

कल्याणच्या एका कारागिराने मला घडवले. धसईच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी भात आणि नाचणी पिकवणाऱ्या एका गावातल्या कमळूने मला विकत घेतले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याने मला गुडघ्यावर ठेवून पहिल्यांदा छेडले आणि अंगणातली माणसे बोलायची थांबली. ढोलकी वाजवणारा भगीरथ त्या वेळी नवी पार्टी जमवत होता. त्याने त्याच दिवशी कमळूला आपल्यात घेतले. पुढच्या काही वर्षांत लोक हळदीची तारीख काढताना आधी भगीरथला विचारत, "कमळू मोकळा हाय ना?" वाद्याला याहून मोठी पदवी कोणी देत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. पहिली चाल सुरू होण्याआधी यजमान एक बाटली आणून बेंजोच्या झाकणावर ठेवतो. तिला वाजवणाऱ्यांचा मान म्हणतात. ती नाकारली तर यजमानाचा अपमान होतो. पहिल्या वर्षी कमळूने ती कपाळाला लावून पुढे सरकवली. दुसऱ्या वर्षी घोटभर घेतली. दहाव्या वर्षी घेतल्यावाचून त्याची बोटे चालेनात, सकाळी चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि त्यानंतर हळद नसली तरी बाटली असू लागली. मान कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, हे मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी वाजत होतो.

पंचविसाव्या वर्षी मला ज्या पानात गुंडाळले होते, त्याच्या वरच्या अर्ध्या भागात मद्यविक्रीचा महसूल वाढल्याबद्दल समाधान व्यक्त केलेले होते. खालच्या कोपऱ्यात जाहिरात होती: 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, चहातून द्या.' आजार आणि त्यावरचा इलाज एकाच पानावर घरपोच देणारी इतकी सुसंघटित आरोग्यव्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही. कमळूच्या बायकोने, जनाने, ती पूड मागवली. कमळू दोन दिवस ओकला आणि तिसऱ्या दिवशी तोंडाची चव घालवायला पुन्हा गुत्त्यावर गेला.

मग पौषात म्हसा गावची जत्रा आली. भगीरथने कमळूला देवापुढे उभे केले, हातात नारळ दिला आणि दारू सोडण्याची शपथ घातली. कमळूने ती मनापासून घेतली आणि त्या घटकेपासून थेंबाला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे हात थरथरू लागले. त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, ज्या दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हत्या. पाठोपाठ त्याला झटका आला आणि तो ओटीवर कोसळला.

गावाने निदान करायला वेळ लावला नाही. याने चोरून घेतली, शपथ मोडली, म्हणून देवाने धरला. आता त्याला उपाशी देवळात निजवायचे आणि माफी मागायची. मित्रांनो, नीट लक्ष द्या. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा शपथ तंतोतंत पाळली होती, त्याला ती मोडल्याची शिक्षा सुनावली जात होती.

तेवढ्यात गावात आरोग्याचे काम पाहणारी आशा कार्यकर्ती रुपाली धावत आली.

"शेवटची कवा घेतली यांनी?" तिने विचारले.

"जत्रेच्या आदल्या दिवशी," जना म्हणाली. "त्याच्यानंतर नाय गो. पण हे समदे बोलतात, चोरून घेतली."

"चोरून घेतली असती तर असे थरथरले नसते. एकदम सोडली म्हणून झालंय हे. भगीरथदादा, अंगारा नंतर लावा, आधी गाडीला फोन लावा."

"देवाचं काम हाय, रुपाली. मधी पडू नको."

"देवाला मी सांगते काय ते. तो ऐकून घेतो. ऐकत नाय ते तुमी."

गाडी आली. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी जनाला समजावले की रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. ते रुग्णालयात, औषधे घेत, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचे असते. आठवडाभराने कमळू चालत घरी आला. त्या उपचाराचा एक पैसाही पडला नाही. मी सरकारवर सहसा उदार होत नाही, पण त्या खाटेबद्दल आणि त्या डॉक्टरांबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

"शरीर आठवड्यात सुटतं," कमळू निघताना डॉक्टर म्हणाले होते. "मन एवढ्यात सुटत नाही. महिनाभर तरी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा."

ते खरे ठरले. माघातल्या पहिल्याच हळदीत बाटली माझ्या झाकणावर आली आणि कमळूने ती उचलली.

आता केंद्र शोधायचे होते. शहापूरच्या बाजूला हमरस्त्यालगत एका केंद्राची मोठी पाटी होती, तिच्यावर हसऱ्या माणसाचे चित्र. जना आणि रुपाली तिथे जाऊन आल्या. पुढे काय झाले ते मी पाहिलेले नाही. जना भगीरथला ओटीवर सांगत होती तेव्हा मी खुंटीवर होतो, म्हणून ऐकले.

"तीन महिन्यांचे आगाऊ भरा, बोलला. भेटाय यायचं नाय. माणूस येत नसंल तर गाडी पाठवून उचलून आणू, तिचे पैसे वेगळे."

"उचलून? गोणी हाय का ती?" भगीरथ म्हणाला.

"मी विचारलं, डॉक्टर कोण हाय? तर बोलला, साहेब येतात अधूनमधून. मंग विचारलं, खायाला काय देता? तर बोलला, बाई, तुमाला उपचार पायजे का खानावळ? निघालो तर मागच्या खिडकीच्या गजातून एक जण हळूच बोलला, ताई, माझ्या घरी फोन करता का? रुपालीनं नंबर घेतला. केला तिनं फोन, रस्त्यावर येऊन."

पाटीवरचा माणूस हसत का होता, ते मला त्या दिवशी कळले. तो आत नव्हता.

दुसरा पत्ता सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी दिला. ते एका विश्वस्त संस्थेचे केंद्र होते. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येत, दर रविवारी घरच्यांना भेटता येई, आणि महिनाभराच्या राहण्याजेवणाचे नऊ हजार होते. रास्तच म्हणायचे. पण जनाजवळ चौदाशे रुपये होते. तिने ज्यांच्याकडे उसने मागितले, त्यांनी आपापल्या अडचणी इतक्या सविस्तर सांगितल्या, की एका घरी तिनेच त्यांचे सांत्वन करून निरोप घेतला.

तिने मला खुंटीवरून काढले आणि भगीरथपुढे ठेवले. "विका ह्याला."

"ह्याचे दोन हजार येतील गो वयनी. ते बी रडत."

जनाची नजर माझ्या झाकणावरच्या वर्तुळांवर गेली. मग तिने विचारले, "दादा, ह्या हंगामात हळदी किती धरल्यात?"

"अकरा."

"अकरा घरं मानाची बाटली देनार. ह्या साली बाटली नको म्हणा. तिचे पैसे द्या म्हणा."

भगीरथ दचकला. "मान मागून घ्यायचा? आन् तो बी पैशात? लोक काय बोलतील?"

"त्यांना झटका आला तवा लोक काय बोलले, आठवतंय ना? शपथ तुमी घातली होती, दादा. मी तवा काय बोलले नाय. आता बोलतेय."

भगीरथने मान खाली घातली. तेवढ्यात कमळू आतून बाहेर आला. तो सगळे ऐकत होता आणि त्या सकाळी प्यायलेला नव्हता.

"मला कोन उचलून नेनार नाय ना?" त्याने विचारले.

"नाय," जना म्हणाली.

"मंग मी चालत येतो."

भगीरथ अकरा घरे फिरला. पंचवीस वर्षे ज्या ओट्यांवर तो ढोलकी घेऊन ऐटीत गेला होता, तिथे तो हात जोडून गेला. ज्यांनी उपचाराला शंभर रुपये दिले नव्हते, त्यांनी बाटलीचे पैसे घासाघीस न करता काढले, कारण मान तो मान. मला याचा संताप यायला हवा होता, आणि आला. पण पैसे खरे होते, तेव्हा संताप मी नंतरसाठी राखून ठेवला. दोघे यजमान हसले आणि म्हणाले, दोन बाटल्या ने हवे तर, पैसे कशाला? एका घरी सावळी नावाच्या म्हातारीने पदराची गाठ सोडून दुप्पट दिले. "माझ्या भावाला कोनी नेलंच नाय रे कुठं," एवढेच ती बोलली. पार्टीतले दोघे कोरड्या हळदी वाजवायच्या नाहीत म्हणून सोडून गेले. तरी नऊ हजार जमले, आणि एका सकाळी कमळू धसईच्या स्टँडवर स्वतःच्या पायांनी एसटीत चढला.

तो हंगाम मी दुसऱ्या एका वाजवणाऱ्याच्या गुडघ्यावर काढला. चैत्रात कमळू घरी आला. समुपदेशक बाईंनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: गोळ्या आणि मुरबाडची दर आठवड्याची बैठक चुकवायची नाही, आणि हळदीत पाऊल ठेवायचे नाही. नव्या वाजवणाऱ्याने स्वतःचा बेंजो घेतला आणि मी खुंटीवर गेलो.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू या ठिकाणी रडू लागतात. त्यांच्यावर कोळिष्टके चढतात आणि जग कृतघ्न असते. माझ्यावरही चढली. पण खुंटीवरून मला जे दिसत होते, ते मी वाजत असताना कधीच दिसले नव्हते. कमळू भेंडीची टोपली घेऊन धसईच्या बाजाराला जाई आणि दुपारी शुद्धीत परत येई. जना दाराशी पावलांचा आवाज ऐकून भांडी बाजूला करायची, ती सवय तिची हळूहळू सुटली. आषाढात एकदा तो घसरला, पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी उठून स्वतःच रुपालीकडे गेला आणि तिने त्याला बैठकीला नेले. कोणी शपथ घातली नाही.

यंदा फाल्गुनात, एका सकाळी, भगीरथ आला. नवा वाजवणारा आजारी होता आणि मुरबाड रस्त्यावरच्या एका मोठ्या घरची हळद दोन दिवसांवर होती.

"एकच हळद, कमळू. दुप्पट पैसे देतात. मी आधीच सांगितलंय, बाटली ठेवायची नाय."

जना विळीवर भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

कमळूने मला खुंटीवरून काढले. धूळ फुंकली, तारा सुरात लावल्या आणि हळदीची एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. दोन वर्षांनी. त्याचा एकही सूर चुकला नाही. भगीरथचे डोळे भरून आले. माझी छाती फुगली होती, हे मी कबूल करतो. त्या क्षणी मला वाटले की त्याने जावे.

मग कमळूने एकेक करून माझ्या सगळ्या तारा सोडवल्या, मला परत खुंटीवर टांगले आणि तारांची गुंडाळी भगीरथच्या हातात ठेवली.

"चांगल्या हायत अजून. दुसरा माणूस बघ, त्याला दे. मी नाय येत."

"अरे, बाटली नसनार तिथं. शब्द दिलाय त्यांनी."

"बाटली नसली तरी मला ती दिसंल."

भगीरथने गुंडाळी खिशात घातली. मग म्हणाला, "वयनी, च्या तरी ठेव." जनाने भाजी बाजूला सारली आणि चुलीवर चहा ठेवला.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वाद्याची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या तुमच्या घरी हळद निघाली, तर वाजवणाऱ्यापुढे जेवणाचे ताट ठेवा. मानाला तेवढे पुरते. शेजारी कोणी दारू सोडून थरथरत असेल, तर त्याने काय पाप केले ते विचारत बसू नका. शेवटची कधी घेतली ते विचारा आणि गाडी बोलवा. हसऱ्या पाटीला पैसे देण्याआधी आत डॉक्टर आहे का आणि रविवारी भेटू देतात का, ते पाहून या. आणि पैसे कमी पडले तर तुमच्या गावात मानाच्या नावाखाली काय काय वाहून जाते, ते एकदा मोजा.

मी आता वाजू शकत नाही. वाजण्यासाठीच घडवलेल्या वस्तूने मुके राहून आभार मानावेत, हे कोणत्या शास्त्रात बसते, मला ठाऊक नाही. तरी मी मानतो. खाली कमळू चहा पीत आहे, आणि कप त्याने एकाच हाताने धरला आहे.