मांडवातलं गानं

अनुसयाबाईनं पोरीच्या लग्नाची सीडी पाट्यावर ठेवली अन् वरवंट्यानं फोडली. चकचकीत तुकडे सैपाकघरभर उडाले, एक तं तानबाच्या चहात पडला. तानबा म्हनजे तिचा नवरा. त्यानं चमच्यानं तुकडा काढला, चहा गाळला अन् पेला. इतक्या वर्साच्या संसारात कवा बोलाचं अन् कवा गुमान चहा प्याचा, हे त्याले बराबर समजे.

पोरीच्या लग्नाची सीडी फोडनारी माय तुमी पाह्यली नसन. पन बाईचं डोस्कं फिरलं होतं, अन् फिरन असंच झालं होतं.

सपनाचं लग्न वैशाखात झालं, बाईच्या गावात रोहण्यालेच, घरापुढं मांडव टाकून. पोरगी देल्ली आष्टीच्या मोतीलालच्या घरी. मोतीलालचं कापडाचं दुकान, मानूस दिलदार, पन पोट असं का मालकाच्या आधी दुकानात शिरते. आता वरपक्षाची पंगत बसली का पोरीकडच्या बाया उभ्या राहून व्याह्याले गान्यातून टोमने हानतेत. रिवाजच हाय तो. त्याच्यावर रुसाचं नसते. मंग त्यायच्या बाया उठतेत, उत्तर देतेत, दोनी पार्ट्या पोट धरून हासतेत, अन् मांडव उठला का गानंही उठलं. टोमना कोनी गाठोड्यात बांधून घरी नेत नाई. अनुसयाबाईचा गळा म्हनजे खनखनीत. तिनं पदर खोचला अन् धरलं,

पोट आलं मांडवात, मंग मोतीलाल व्याही,
बारा पुऱ्या संपल्या तरी ताट सोडत नाई.

मोतीलाल इतका हासला का ठसका लागला. पानी पेला, अन् अजून एक पुरी मागतली. इथंवर सारं गोड होतं.

पन मांडवात भूपेंद्र होता ना. शूटिंगवाला. आष्टीच्या स्टँडजवळ त्याचं फोटोचं अन् मोबाईलचं दुकान, बाहेर पाटी, 'मोबाईलमध्ये गाणे भरून मिळतील'. त्या टायमाले चायना मोबाईल नवेनवे आलते. बैलबंडीवरच्या मानसाजवळही मोबाईल, अन् आवाज असा का बँडवाल्यानं लाजावं. त्या मोबाईलात एक कार्ड घालाचं, नखाएवढं, अन् ते भूपेंद्रसारख्याकडून गान्यानं भरून आनाचं. भूपेंद्रनं काय केलं, अनुसयाबाईचं गानं शूटिंगमधून काढलं अन् येईन त्याच्या कार्डात भरलं. कोनाले पुसलं नाई, कोनाले सांगतलं नाई.

गानं आष्टीच्या बजारात पोचलं. पिठाच्या गिरनीवर वाजे, आटोत वाजे, कटिंगच्या दुकानात वाजे. मोतीलाल रस्त्यानं निघाला का मांगून कोनीतरी बटन दाबे, अन् पोट आलं मांडवात.

रोहण्यात याची कोनाले खबर नाई. आखाड लागला. पह्यल्या आखाडात नवी सून माहेरी राह्यते, सासूचं तोंड पाहत नाई. तानबा नवं धोतर नेसून लेकीले आनाले गेला अन् एकटाच वापस आला. मोतीलालनं चहा पाजला म्हने, पान देल्लं म्हने, अन् मंग इतकंच बोलला, "लेक न्याची असन तं पह्यले माहं पोट बजारातून वापस आना."

बजारात वाजनारं गानं तानबानं येता येता आपल्या कानानं ऐकलं होतं, तेही त्यानं सांगतलं. अनुसयाबाई तीन वर्साच्या भांडनाएवढी एका घडीत भांडली, अन् तेही कोनाशी, तं चुलीशी. तिनं काय वाईट केलं होतं? माय म्हनून, विहीन म्हनून जे कराचं तेच केलं होतं. तिची मायही गायची, तिची आजीही गायची. कोनाची लेक कोनी अडवली नाई. शेजारची एक बाई म्हने का गानं त्या सीडीतूनच निघालं असन. मंग बाईनं सीडी हुडकली अन् पुढचं तुमाले मालूम हाय.

तिचंही चुकलं कसं म्हनावं. घरी टेप होता. तानबानं एकडाव तिच्या माहेरच्या भजनाच्या कॅसेटीवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली, तं भजन गेलं ते गेलंच, पुन्हा कवा ऐकू आलं नाई. म्हनून तिच्या हिशेबानं आवाज ज्यात ठेवला त्यातच राह्यते. भांडं फुटलं का दूध सांडलं. सीडी फुटली का गानं मेलं.

तुकडे फडक्यात बांधले, आर्वीले गाडी बदलली अन् बाई आष्टीले उतरली. बजाराचा दिवस, मोतीलालच्या दुकानात गिऱ्हाईक. बाईनं चपला बाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला अन् फडकं पांढऱ्या गादीवर उपडं केलं. म्हने व्याहीबुवा, हे पाहा तुमचं पोट, वापस आनलं. आता माही पोरगी द्या.

मोतीलालनं एक तुकडा उचलला. त्यात त्याले आपलंच तोंड दिसलं, तेही इंद्रधनुष्यासारखं. मानूस पघळला. पोरीच्या लग्नाची याद फोडून आनली बाईनं, याच्यावर अजून काय मांगावं? घरात आवाज देल्ला का सपनाले म्हना पिशवी भर. सपना जशी काई पिशवी भरूनच बसलती, मिनिटात बाहेर आली.

तेवढ्यात दुकानाचा हमाल चिंधू खांद्यावर कापडाचे तागे घेऊन शिरला, अन् त्याच्या खिशातला मोबाईल वाजला.

पोट आलं मांडवात.

चिंधूचे दोनी हात ताग्याले गुतलेले. त्याले ना तागे सोडता येत, ना मोबाईल बंद करता येत. गानं पुरं झालं, पुन्हा पह्यल्यापासून सुरू झालं. गिऱ्हाईकायनं लुगड्याचे पदर तोंडात कोंबले. मोतीलालनं तुकडा गादीवर ठेवला, हळूच, अन् आवाजही चढवला नाई.

"विहीनबाई, मंग हे फोडलं ते काय होतं?"

सपनाची पिशवी आत गेली. अनुसयाबाईच्या कानातून जाळ निघाला. टोमने हाननारी म्हना, फाटक्या तोंडाची म्हना, बाईनं हासून घेतलं असतं. पन लेकीच्या सासरात, भर दुकानात, ती खोटारडी ठरली होती. तिनं चपला पायात सरकवल्या अन् थेट स्टँडकडं निघाली. मांगून कोनी येऊन राह्यलं का, हे पाह्यलंही नाई.

भूपेंद्र दुकानात कंप्यूटरपुढं बसला होता, गळ्यात दोरी, दोरीले पेन ड्राइव्ह, जसं काई गंडा बांधला. बाईले पाहून उठला, "या काकू" म्हने, खुर्ची देल्ली. वरून खूश होऊन सांगते का काकू, तुमचं गानं तं लय चाललं, तळेगाववाले नेऊन राह्यले, कारंज्यावाले नेऊन राह्यले.

बाईनं इचारलं, म्यां सीडी फोडली तरी गानं जित्तं कसं? तं तो हासला. समजावून सांगाले लागला, लहान पोराले सांगावं तसं. काकू, सीडी तं फक्त तुमची कापी. खरं शूटिंग या कंप्यूटरच्या पोटात, हार्डडिस्कवर. तिथून या पेन ड्राइव्हमधी घेतलं, तळेगावच्या दोस्ताले देल्लं. तिथून कार्डात. एका कार्डातून दुसऱ्या मोबाईलात. असं म्हनून त्यानं बोटाच्या टोकावर एक कार्ड ठेवून दाखवलं, काळं, कपाळावरच्या टिकलीसारखं. म्हने याच्यात असे हजार गाने मावतेत.

बाईनं त्या टिकलीकडं पाह्यलं. सारा मांडव, बारा पुऱ्या, मोतीलालचं पोट, तिचा गळा, सारं त्याच्यात. हे फोडाले वरवंटाही नाई लागत, नखानं तुटन. पन किती तोडाचे?

"वापस बोलव," ती म्हने.

"वापस नाई येत काकू. माह्यातलं पुसून टाकतो, आत्ता, तुमच्यासमोर. पन जे गेलं ते गेलं."

अन् त्यानं पुसलंही. पुसता पुसता पडद्यावर नाव दिसलं. बाईले मराठी वाचता येत होतं. गान्यापुढं लिवलं होतं, 'भूपेंद्र फोटो, आष्टी'. सगळ्या कार्डात तेच नाव गेलतं.

आता बाईचा आवाज खाली आला. तो वर चढते तवर बरं असते, खाली आला का तानबाही घर सोडून जाते.

"गळा माहा, टोमना माहा, व्याही माहा, अन् नाव तुहं? मांडवातलं गानं मांडवात राह्यते, भाऊ. ते बोलनाऱ्याचं अन् ऐकनाऱ्याचं असते. तू तं जेवन वाढाले आलेला मानूस, अन् घरचे भांडेच उचलून नेले. तुह्यापायी माही लेक आखाडात सासरी बसली हाय. त्याच्यावर लिव ना तुहं नाव."

भूपेंद्रनं मान खाली घातली, पन म्हने काकू, एवढं काय झालं, लोकं हासूनच राह्यले.

"हासून राह्यले, पन कोनावर?" हा आवाज दारातून आला.

दारात सुलोचनाबाई उभी. मोतीलालची बायको, सपनाची सासू. दुकानातून अनुसयाबाईच्या मांगं मांगं आलती, धाप लागलेली. बाईले वाटलं आता ही उरलंसुरलं तोंडात मारते. पन सुलोचनाबाईनं तिच्याकडं पाह्यलंही नाई अन् ती भूपेंद्रपुढं जाऊन उभी राह्यली.

"माहं गानं कुठी हाय?"

भूपेंद्र म्हने, तुमचं कोनतं?

आता ऐका. त्या दिवशी मांडवात सुलोचनाबाईनं उत्तर देल्लं होतं. देल्लं म्हनजे, असं देल्लं होतं का अनुसयाबाईच्या माहेरच्या बायायनं कानावर हात ठेवले. साऱ्या पंगतीनं ऐकलं. पन कार्डात उत्तर नाई. आष्टीभर लोकायले वाटून राह्यलं का मोतीलालच्या पोटावर बोलले अन् त्याची बायको मूग गिळून बसली. मोतीलाल पोटापायी जळे, अन् ही या मुकेपनापायी, पन घरात सांगतलं कोनाले नाई.

"बोल ना. तवा कुठी होता तू?"

भूपेंद्र पुटपुटला, पन दोघीयलेही ऐकू गेलं. तो जेवाले बसला होता. कॅमेरा बंद करून. पुऱ्या गरम होत्या म्हने.

दोघी विहिनी एकमेकीकडं पाहाले लागल्या. इतके दिवस भांडन रोहण्याचं अन् आष्टीचं होतं. आता ते जागा बदलून कंप्यूटरपुढं बसलेल्या मानसापुढं येऊन उभं राह्यलं.

अनुसयाबाईनं हुकूम सोडला, आवाज भराचं मशीन लाव. भूपेंद्रनं लावलं. पन सुलोचनाबाई गाईना. म्हने मांडव नाई, पंगत नाई, टोमना काय भिताडाले हानू? बरोबर होतं तिचं. हे गानं असं का समोर विहीन लागते. मंग अनुसयाबाईच समोर जाऊन उभी राह्यली, कमरेवर हात ठेवून. म्हने हान, अन् काई कमी करू नको, नाईतं लोकं म्हनतीन रोहण्याच्या बाईनं सांभाळून घ्याले लावलं.

सुलोचनाबाईनं हानलं,

रोहण्याची विहीन आमची, जिभेवर मिरची,
नवरा उभा दारात अन् हिच्या बुडाखाली खुर्ची.

अन् मांडवात नव्हतं ते तिथंच उभ्या उभ्या जोडलं,

रोहण्याची विहीन आमची, लय मोठी शहानी,
सीडी फोडली वरवंट्यानं, गावभर गानी.

अनुसयाबाईच्या नाकपुड्या फुगल्या. सीडीचं तिले खरंच लागलं. पन नियम म्हनजे नियम, ती हासली. अन् मंग तिनं सुलोचनाबाईचा हात धरला, दोघी भूपेंद्रकडं वळल्या, अन् कोनी कोनाले न सांगता एका सुरात आलं,

शूटिंगवाला भूपेंद्र, धंदा याचा न्यारा,
पुरी दिसली गरम तं बंद केला कॅमेरा.

भूपेंद्रचा हात बटनाकडं गेला. म्हने काकू, हे नाई भरता येत, याच्यात माहं नाव हाय, धंदा बसन.

"तुहं नाव तं पह्यलेच गान्यावर होतं," अनुसयाबाई म्हने. "आता गान्यात आलं. जो कोनी कार्ड भराले येईन, त्याले हे तिन्ही टोमने संगं देजो. अन् तळेगाव, कारंज्यालेही धाडजो."

ती तिथून हालली नाई, जवर पह्यलं गिऱ्हाईक आलं नाई. गिऱ्हाईक कोन, तं चिंधू. मालकानंच धाडला होता, का खिशातलं ते गानं पुसून ये म्हनून. दोघीयनं त्याचं कार्ड काढून भूपेंद्रच्या हातात देल्लं अन् जुनं गानं न पुसता त्याच्या मांगं हे तिन्ही समोर भरून घेतले.

दिवस कलला तवा तिघं दुकानात वापस आले. चिंधूनं बटन दाबलं. मोतीलालनं पोट हातात धरून ऐकलं. बायकोचा आवाज आला तवा त्याची मिशी हालली, अन् कॅमेऱ्याची ओळ आली तवा मानूस गादीवर आडवा झाला. डोळे पुसून म्हने, पोट तं वापस नाई आलं विहीनबाई, पन आता बजारात एकटं नाई. न्या तुमची लेक.

शेवटच्या गाडीत मायलेकी बसल्या. सपना खिडकीशी, मांडीवर पिशवी. लेक संगं होती तरी बाईचा जाळ काई इझला नव्हता. साऱ्या रस्त्यानं ती भूपेंद्रले बोलत राह्यली, त्या टिकलीले बोलत राह्यली, कोनाच्याही घरातला आवाज उचलून खिशात घालनाऱ्या जमान्याले बोलत राह्यली. कंडक्टरचं कार्डही भूपेंद्रनं आत्ताच स्टँडवर भरून देल्लं होतं; तिकीट फाडता फाडता त्यानं इचारलं, मावशी, तुमीच का त्या, मिरचीवाल्या? सपनानं तोंड खिडकीबाहेर काढलं, पन तिचे खांदे हालून राह्यले होते.

घरी पोचल्या तं तानबा ओसरीत खुर्चीवर बसला होता. लेकीले पाहून त्याचं तोंड उजळलं, बायकोले पाहून तो सवयीनं उठला, खुर्ची सरकवली अन् दाराले टेकून उभा राह्यला.

सपना पिशवी टाकून हासाले लागली, इतकी का तिले बसावं लागलं. तानबाले काई समजेना.

"बसा गुमान खुर्चीवर," अनुसयाबाई म्हने. "लोकायले खरं वाटन."