जुळी नळी

सुई हलली नाही. बाईंनी नळीचा तुकडा चिमटीत धरून पुन्हा वाकवला, मीटरच्या तारा काढून पुन्हा लावल्या, शेवटी मीटरलाच एक टिचकी मारून पाहिली. सुई आपली शून्यावर ढिम्म.

बोटाच्या पेराएवढी ती पांढरी नळी बाईंनीच केली होती. हातातली, स्पर्श कळवणारी नस तुटली की तिची दोन टोकं या नळीत दोन बाजूंनी बसवायची. नळी नुसती पोकळ नव्हती. हात हलला की ती किंचित वाकायची, आणि वाकली की तिच्यात इवलीशी वीज तयार व्हायची. त्या विजेच्या ओढीने नस पुढे वाढायची. अशी नळी करणाऱ्या बाई इस्पितळात एकच होत्या आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बाईंची एक खोड होती. प्रत्येक नळी त्या दुप्पट लांबीची काढायच्या आणि मधोमध कापायच्या. एक रुग्णासाठी, दुसरी तिची जुळी. दोघींची पाकिटं एकत्र बांधून निर्जंतुक करायला जायची. परत आली की बाई जुळीला वाकवून बघायच्या, सुई हलली तरच पहिलीला ऑपरेशनला सोडायच्या. एकवीस वर्षांत सुई हलली नाही असं झालं नव्हतं.

"बाई, ताकसुद्धा फुंकून पिता तुम्ही," सर्जन चिडवायचा. "तोंड कधी पोळलं होतं?"

"पोळू नये म्हणूनच फुंकते."

आज पोळलं होतं. बाईंनी कचऱ्याच्या टोपलीतून जुळीचं रिकामं पाकीट उचलून पाहिलं. पाकीट पांढरं होतं. पांढरी पाकिटं वाफेच्या यंत्रात जातात, निळी थंड वायूच्या. नळीला वाफ सोसत नाही. दिसायला ती तशीच राहते, पण तिची वीज जाते. काल निळी पाकिटं संपली होती. बाईंनी पांढऱ्यावर ठळक अक्षरांत 'गरम नको' लिहिलं आणि निर्धास्त घरी गेल्या. आपलं अक्षर इथे कोण ओळखत नाही? पण यंत्रावरचा माणूस दिवसाला तीनशे पाकिटं हाताळतो. तो रंग बघतो. अक्षरं कशाला वाचेल?

पाकिटं आज उशिरा आली होती आणि ज्यांच्यासाठी ही नळी होती ते घड्याळजी खाली ऑपरेशनच्या टेबलावर आडवे होते. दुकानाची काच फुटून त्यांचं उजवं मनगट चिरलं होतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. "स्क्रू उचलतो हो," परवा ते म्हणाले होते, "पण हातात आहे का पडला, ते वाकून बघावं लागतं."

गप्प बसणं सोपं होतं. मेलेली नळी ही शेवटी नळीच. नस वाढली असती कदाचित, रडतखडत. नसती वाढली तर सगळ्यांनी नशिबावर ढकललं असतं. बाईंना हे सगळं क्षणात सुचलं, आणि सुचलं याचीच लाज वाटली. त्या जिना उतरल्या.

सर्जन हात धुऊन, ते वर धरून उभा होता.

"थांबा. नळी मेलीय. वाफेत गेली. पाकीट मी चुकीचं वापरलं."

"दुसरी कधी मिळेल?"

"पाच दिवसांनी."

"बाई, पेशंट टेबलावर आहे. नुसती नळी म्हणून नाही चालणार?"

"तुमचा हात असता तर चालली असती का?"

सर्जनने हळूहळू हात खाली घेतले. "त्यांना कोण सांगणार?"

"मी. चूक माझी आहे."

भूल अजून दिली नव्हती, घड्याळजी जागेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उपाशी ठेवलंत की हो सकाळपासून," आधी ते एवढंच म्हणाले. मग विचारलं, "पण कळलं कसं तुम्हाला?"

बाईंनी जुळीचं सांगितलं.

"मीही दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच देत नाही. दिवसभर दुकानात चालवून बघतो. गिऱ्हाईक कटकट करतं, करू दे." ते उठून बसले. "पाच दिवसांनी येतो. तेवढी नीट करा."

नवी नळी बाईंनी स्वतः थंड यंत्रात नेऊन ठेवली आणि ते उघडेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसल्या. यंत्रावरचा माणूस हसला. हसू दे, म्हणाल्या. जुळीने सुई टुणकन उडवली.

ऑपरेशननंतर नऊ महिन्यांनी घड्याळजी वर आले. मीटरच्या मागे भिंतीवर ते पांढरं पाकीट टाचणीने लावलेलं होतं. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले.

"त्यानेच घात केला. बसा, तपासते." बाईंनी तपासणीची पेटी ओढली.

"तुमच्या नको, माझ्या पद्धतीने बघा." त्यांनी खिशातून चपटी डबी आणि चिमटा काढून दिला, उजवा हात टेबलावर पसरला आणि डोळे मिटले.

बाईंनी डबीतून एक कण उचलून त्यांच्या तर्जनीच्या टोकावर ठेवला. घड्याळजींनी बोट अलगद वर-खाली केलं.

"स्क्रू आहे," ते म्हणाले. "उलटा ठेवलात. डोकं खाली आहे."

बाईंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. उलटाच होता.