भेग नसलेली माती

"नारळ उभा राहिला! उभा राहिला!" भर उन्हात दोनशे माणसं ओरडली.

पारशिवनीजवळच्या आमच्या गावामागं मोठाल्या शिळांचं एक वर्तुळ आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी तिथं आपली माणसं पुरली. त्या वर्तुळात तळहातावर नारळ घेऊन धनेश्वर महाराज फिरत होता. जेसीबी घरघरत होता. एक शिळा त्यानं उपटलीही होती.

"धरतीमाय बोलून राहिली, भक्तहो! मशीनले दिसत नाही, ते माझ्या नारळाले दिसते!"

त्यानं दाखवलेल्या जागी हातभर खणल्यावर तांब्याचा गडवा निघाला. आत चार नाणी. लोकांनी खड्ड्याभोवती फुलं वाहिली, लोटांगणं घातली.

"असे सहा अजून हायेत. तीन हजार वर्षांचं धन! चालवा जेसीबी!"

माझे बाबा, चित्रकलेचे मास्तर बाबाराव, यांनी इथली एकेक शिळा मोजून नकाशा काढला होता. स्थळ संरक्षित व्हावं म्हणून आयुष्यभर अर्ज केले. त्यांना जाऊन महिना झाला होता. मी जेसीबीसमोर उभी राहिले.

"हट वं पोरी," सरपंच रुपराव खेकसले. "बापासारखी आडवी नको येऊ."

"हटते, काका. आधी जन्मभर शेती केलेल्या गोपिकाकाकूंना एक विचारू द्या. काकू, मे महिन्यात काळी माती कशी राहते?"

"फाटते. पाय जाईन अशा भेगा पडतात."

"मग इथं बघा."

काकूंनी खड्ड्याभोवतीची फुलं सारली. वर्तुळभर भेगा होत्या. खड्ड्याच्या वीतभर अलीकडं साऱ्या थांबल्या होत्या. काकूंनी तिथली माती चिमटीत चोळली.

"काहून गा महाराज, तीन हजार वर्षांचं धन अन् माती चार दिवसांची? हे कोणी खणून भरलं?"

कुणीतरी हसलं. मी महाराजानं टाकलेला नारळ तळहातावर घेतला, अंगठ्यानं हळूच दाबला. तो उभा राहिला. महाराज तोवर गाडीकडं निघाला होता.

तेवढ्यात रुपराव हळूच म्हणाले, "मंग खरं सोनं किती खोल असंन?"

माझा आवाज चढला. "खाली मडकी असतील, लोखंडाची कुऱ्हाड असेल, हाडं असतील. उपटलेल्या शिळेखाली काय कसं ठेवलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मातीकडं बघून पेरणी ठरवणारी माणसं तुम्ही, एका नारळापुढं डोळे मिटता? आधी बघा, विचारा, मग हात जोडा."

मी रुपरावांकडं वळले.

"काका, बाबांची राख नदीत सोडताना तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. तीत सोनं चाळलंत का?"