उशिरा येणारी उत्तरं

सुरतेच्या उधन्यातल्या मराठी शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सुषमा मॅडम सातवीच्या मुलांना पुस्तकं मिटायला सांगत. मुलं गोल करून बसत आणि बोलायला शिकत: चालू खेळात कसं शिरायचं, रुसलेल्या मैत्रिणीला काय म्हणायचं. बाहेर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट चाललेला असे. दुपार कलली की तोही अंगाईसारखा वाटे. उन्हाच्या पट्ट्यात सुताची तुसं तरंगत राहत.

कमल त्या तुसांकडेच बघे. कुणी काही विचारलं की डोळे मिटून घेई. तिची आई, शोभाबाई, धुळ्याकडची. मुलगी मुकी आहे का, असं विचारल्यावर ती मॅडमना एवढंच म्हणाली होती, "पोर गुंगी नई शे." मॅडमनी कमलला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोल. एकदा ती कानांवर हात दाबून बाकाखाली जाऊन बसली. तेव्हापासून मॅडमनी ते सांगणं सोडलं, पण मनाला लागून राहिलं.

मग एका शुक्रवारी स्वातीने कमलला आवडता रंग विचारला. तास संपला, घंटा झाली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत स्वातीच्या पाठीमागून आवाज आला, "जांभळा. साडीच्या काठाचा."

स्वातीने ते मॅडमना सांगितलं, आणि मॅडमना आठवलं, गेल्या आठवड्यात कमल मध्येच "दोन मांजरी" म्हणाली होती. सगळे हसले होते. घरी कोण कोण असतं, हे तिला त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मॅडमनी एकच गोष्ट शिकवली. विचारायचं, आणि थांबायचं. वर्ग पाण्याखाली गेल्यासारखा शांत झाला. महेशला तर झोपच लागली. पण हळूहळू उत्तरं येऊ लागली, कधी मधल्या सुट्टीत, कधी दोन दिवसांनी.

दिवाळीनंतर स्वातीच्या वडिलांना कामरेजला काम मिळालं. तिच्या शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकाने शिकवल्याप्रमाणे तिला निरोप दिला. स्वाती मान खाली घालून नुसती हं हं करत राहिली. तेवढ्यात कमल आपणहून उठली आणि तिच्याशेजारी, खिडकीकडे तोंड करून बसली.

"तिकडं खिडकी आहे?"

कमलने कुणाला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"माहीत नाही. मी अजून घर बघितलंच नाही," स्वाती म्हणाली आणि रडू लागली. मॅडम अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या. कमलने कान झाकले नाहीत.

"मग सांग," ती म्हणाली. "उशिरा चालेल."

काही दिवसांनी मॅडमच्या मोबाइलवर स्वातीने रेकॉर्ड करून पाठवलेलं उत्तर आलं. खिडकी होती. तिच्यातून उसाचं शेत दिसायचं, वारा आला की सगळं एका बाजूला झुकायचं.

कमलने ते पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटले. मॅडमनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली.