हाका मारू नका

पट्ट्याचं बक्कल आक्कांनी शेवटी दातांनीच सोडवलं. पोर हरवू नये म्हणून त्या पट्ट्याचं एक टोक नातीच्या मनगटाला आणि दुसरं सुनेच्या, अशी ती जोडगोळी सकाळपासून शहर पाहत फिरत होती. बसमधून उतरताना सुनेने आपलं टोक काढून सासूच्या हातात दिलं, तेव्हा आक्कांना ते पाहवेना.

“लेकरू आहे, शेळी नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, गर्दी आहे. ती पळते.”

“माझ्या हातून पळेल? चार वाढवली मी. एकालाही दावं लावलं नाही.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाहत होता. आई आणि बायको यांच्यामध्ये बोलायची वेळ आली की त्याला हमखास काहीतरी पाहण्यासारखं सापडे.

“घड्याळच बघायचं होतं तर घरात भिंतीवर आहे की,” आक्का त्याला म्हणाल्या. “तेही फुकट.”

तो हसून मनोऱ्याच्या तिकिटाच्या रांगेत गेला. सून पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली. आक्का अडीच वर्षांच्या नातीचा हात धरून चौकात उभ्या राहिल्या. जन्मली तेव्हा पोरगी सदऱ्याच्या गुंडीएवढी होती, म्हणून आक्कांनी तिला गुंडी म्हटलं, आणि आक्कांनी एकदा म्हटलेलं त्या घरात बदलत नसे.

सावलीत एकच बाक होतं. त्यावर आक्कांनी आधीच पिशवी ठेवून दिली होती. त्या तिकडे वळतात तोच एका माणसाने ती पिशवी उचलून खाली ठेवली आणि तो ऐसपैस बसला.

“बाक काय तुमच्या सासऱ्याने बसवलंय?”

“पिशवीला बसायला जागा लागते का, मावशी?”

“लागते. माणसापेक्षा शहाणी आहे ती. विचारल्याशिवाय कुठे बसत नाही.”

भांडताना आक्कांना दोन्ही हात लागत. एक कमरेवर, एक समोरच्याच्या नाकासमोर. आजूबाजूचे लोक हसायला लागले, माणसाचा चेहरा उतरला, आणि तो पुटपुटत उठून गेला. आक्कांनी जिंकल्यासारखं बाकावर बूड टेकलं आणि गुंडीला वर घ्यायला बाजूला हात केला. गुंडीचं डोकं जिथे असायला हवं होतं, तिथे हाताला काहीच लागलं नाही.

त्यांनी बाकाखाली पाहिलं. मग बाकामागे. मग उठून स्वतःभोवती एकदा फिरल्या, जणू पोर त्यांच्याच पाठीला चिकटून फिरत असेल.

बाटली घेऊन सून परत आली. तिने सासूचा रिकामा हात पाहिला, मग चेहरा पाहिला. बाटली कुठे पडली ते तिला कळलं नाही.

“गुंडी!”

मुलगा रांग सोडून धावत आला. “आई, तू धरली होतीस ना तिला?”

कुणाच्या प्रश्नाला आक्कांनी उत्तर दिलं नाही असं आजवर झालं नव्हतं. आता त्यांनी नुसतीच मान हलवली, आणि ती मान हो म्हणतेय की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहारेकरी आला. त्याने विचारलं, फ्रॉक कुठल्या रंगाचा? पिवळा. मग खालच्या आवाजात, “मागच्या बाजूला नदीच्या पायऱ्या आहेत. तिकडे बघितलं का?”

मुलगा फाटकाकडे पळाला होता, बसच्या दिशेने. सून पायऱ्यांकडे सुटली. आक्का तिच्यामागे. गुडघे दुखतात म्हणून त्या घरात जिना चढत नसत, ते गुडघे आता कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे चालले होते.

पायऱ्या रुंद होत्या, खाली शेवाळलेल्या. वरच्या कडेला कठडा म्हणून साखळी टांगली होती, पण ती इतकी उंचावर की तिने मोठ्या माणसाला अडवावं आणि अडीच वर्षांच्या पोरीला खालून सोडून द्यावं. तळाशी डागडुजीला काढलेली एक जुनी नाव पालथी पडली होती. प्रवाशांची लाँच गेली की लाट दोन पायऱ्या वर चढे, नावेच्या कडेवर आपटे आणि फेस सोडून मागे जाई.

“गुंडी, कुठे आहेस?” सून ओरडत होती. चौकातले लोकही ओरडायला लागले होते. पहारेकरी, रांगेतल्या बाया, तो बाकावरचा माणूससुद्धा.

आक्कांनी साखळी धरली आणि पोटातून हाक घातली, “कुठं गेली गं माझी गुंडी? कुठं गेली?”

आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्या गारठल्या.

घरात रोज दुपारी त्या हेच म्हणत. याच सुरात. गुंडी पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या फटीत. हाक आली की श्वास धरायचा, हू की चू करायचं नाही, आवाज केला तो हरला. आक्कांनीच घोटून घेतलं होतं. शेजारणींना बोलावून त्या मोठ्या तोऱ्यात दाखवत, “घ्या, शोधा. अडीच वर्षांची आहे, पण नाव आजीचं राखेल. मरेल पण आवाज काढणार नाही.”

सगळा चौक तिला लपून राहा म्हणून सांगत होता.

“हाका मारू नका,” आक्का म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी सुनेचा दंड धरला. “अगं, थांब. हाक मारली की ती गप्प बसते. मी शिकवलंय तसं.”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. तिने मागे वळून लोकांना हाताने खूण केली. एकेक हाक विझत गेली. उरला तो पाण्याचा आवाज, आणि तो हाकांपेक्षा वाईट होता.

“आता?” सून म्हणाली.

“मी तिला नेहमी शोधूनच काढते. आपण होऊन ती कधी आली नाही.” सुनेला काही विचारायची त्यांना सवय नव्हती. “तुझ्याशी खेळताना... तू काय करतेस?”

“मी रडते. खोटं खोटं. मग येते ती डोळे पुसायला.”

“मग रड.”

सुनेने तोंड उघडलं. कोरडी हवा आली. पुन्हा प्रयत्न केला.

लांबून लाँचचा भोंगा वाजला.

आक्का साखळीखालून वाकून गेल्या आणि वरच्याच पायरीवर, सगळ्या चौकासमोर, फतकल मारून बसल्या. नवरा गेला त्या दिवशीही त्यांनी आधी आल्यागेल्याच्या बसण्याची सोय पाहिली होती. त्यांना रडताना पाहिलेलं माणूस हयात नव्हतं. त्यांनी तोंडावर हात घेतले आणि आवाज काढला. पहिला आवाज अगदीच खोटा निघाला, मांजरासारखा. दुसरा बरा. तिसरा कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही, आणि मग त्यांना आवाज काढावा लागेना.

नावेच्या कडेखाली काहीतरी पिवळं हललं.

सून पायऱ्यांवरून कशी उतरली ते कुणालाच नीट दिसलं नाही. वर आली तेव्हा गुंडी तिच्या कडेवर होती, आणि मागोमाग आलेल्या लाटेने नावेखालची, गुंडी लपली होती ती फट भरून टाकली होती. गुंडी सुनेच्या हातातून वळवळत खाली उतरली आणि आजीच्या गुडघ्यांना धरून उभी राहिली. तिने आक्कांचे हात बाजूला केले, गालावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

“खोटं खोटं?” तिने आईला विचारलं.

सून पायरीवर बसून तिच्या फ्रॉकचा घेर पिळत होती. पाणी निघतच होतं. तिने कापड वर वर चाचपत नेलं. छातीपर्यंत सगळं ओलं होतं. तिचे हात थांबले. ती त्या नावेकडे बघत राहिली, मग सासूकडे.

लोक जमले होते. आक्कांनी मान खाली घातली. आता जे येईल ते येऊ दे, असा त्यांच्या खांद्यांचा उतार झाला होता.

“हो गं राणी,” सून म्हणाली. आवाज फाटका होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. “आजी खोटं खोटं रडतेय. खेळतेय तुझ्याशी.”

गुंडीने ओल्या फ्रॉकच्या टोकाने आक्कांचा गाल पुसला. तो आणखी ओला झाला. तिने पुन्हा पुसला.

“आजी, बास आता,” ती म्हणाली. “मी आले ना.”

आक्कांनी मान डोलावली. पण थांबता काही येईना.