बाईंच्या तोंडावर मी

मी एक जुना कापडी मास्क आहे. एके काळी निळा होतो, आता धुऊन धुऊन निळसर म्हणण्यापुरता उरलोय. मित्रांनो, तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात हे फार बरं केलंत, कारण माझ्या जातीला बोलायला कधी कोणी सांगत नाही. दुसऱ्याचं तोंड झाकायचं आणि आपलंही बंद ठेवायचं, हाच आमचा धर्म. आज मात्र मला राहवत नाही.

माझा जन्म एका पलंगपोसातून झाला. तो मधोमध विरला होता, पण कडा धड होत्या, आणि मी ज्यांच्या तोंडावर बसतो त्या बाईंच्या आई कापडाच्या बाबतीत महा चिकट. ते साथीचे दिवस होते. आईंनी लेकीला खिडकीपाशी उभं केलं, नाकापासून हनुवटीच्या खालपर्यंत माप घेतलं आणि तोंडात टाचण्या धरूनच म्हणाल्या, "हलू नकोस गं! जबडा पुरा झाकला पाहिजे. बाजारातले ते घसरतात मेले." दोन पदरी कापड, आत मऊ अस्तर, आणि कानांसाठी जुन्या पायजम्यातलं इलास्टिक. असा मी तयार झालो. दुकानाच्या रांगेत कोणा एकीने मला पाहून "कुठून घेतलात हो?" असं विचारलं, तेव्हा बाई "आईने शिवलाय" म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला तो तोरा मला अजून आठवतो.

मग साथ ओसरली. गरज सरो, वैद्य मरो! आरशाखालच्या खणात, केसांच्या पिना, एक बंद पडलेलं घड्याळ आणि जोडीदार हरवलेला मोजा यांच्या संगतीत माझी रवानगी झाली. मी वाईट वाटून घेतलं नाही. मास्क खणात पडून असणं ही जगासाठी चांगलीच बातमी असते. पण खण आरशाखालचा होता, आणि त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवर पडत गेलं.

बाईंनी तिशी ओलांडली होती. या वयात त्यांच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने फोड यायला लागले. शाळकरी मुलामुलींना येतात तसले बारीक पुरळ नव्हेत ते. आतल्या आत ठसठसणारे, हात लावला की जीव कळवळावा असे. पाळी जवळ आली की हटकून नवे उठायचे. जुने बसता बसता डाग ठेवून जायचे.

झालं! सल्ल्यांना ऊत आला. मावशी म्हणाली, "पोट साफ नसेल." शेजारीण म्हणाली लिंबू चोळ. शाळेतल्या एका मैत्रिणीने टूथपेस्ट लावायला सांगितली. मावशीने तर घरी येऊन हनुवटी धरून पाहिली आणि हसून म्हणाली, "या वयात मुरुमं? अगं, तू उलटी वाढतेस की काय!" बाईही हसल्या. मावशी गेल्यावर त्या आरशापुढे किती वेळ उभ्या होत्या ते मला ठाऊक आहे. खणाच्या वर डब्या आणि ट्यूबा यांची रांग लागली. एक दोन आठवडे लावायची, फरक दिसला नाही की दुसरी आणायची, आणि रागारागाने तोंड खसाखसा पुसायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी स्वतः चिंधीच्या कुळातला, तेव्हा ही म्हण वापरायचा मला हक्क आहे.

पण बाई काय काम करतात हे सांगायचं राहूनच गेलं. ज्या मुलांना फार कमी ऐकू येतं, त्यांच्या शाळेत त्या बोलायला शिकवतात. मुलांच्या कानांना यंत्रं असतात, पण ती पुरत नाहीत. मुलं बाईंच्या ओठांकडे बघून शब्द ओळखतात. बाई मुलाचा हात आपल्या गालावर, गळ्यावर ठेवतात, म्हणजे आवाजाची थरथर त्याला हाताने कळते. 'प' शिकवताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरतात. 'प' नीट म्हटला की पट्टी फडफडते. या कामात बाईंचा चेहरा म्हणजेच पुस्तक आणि फळा, दोन्ही.

वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचा लाडका शब्द होता "का?" घंटा का, पाल का, बाईंना मिशी का नाही? बाई घरी येऊन आईंना तिच्या गमती सांगत आणि दोघी पोट धरून हसत. ऐकू येणाऱ्या मुलांच्या मोठ्या शाळेत जाण्याजोगी ती एकटीच तयार होत होती. वर्षअखेरीला तिथल्या मुख्याध्यापिका तिला बघायला येणार होत्या.

एका संध्याकाळी बाई घरी आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

"भिंगरीची आई आली होती," त्या आईंना म्हणाल्या. "म्हणाली, बाई, रागावू नका हं, पण हे लागट तर नाही ना? ती तुमच्या गालाला हात लावते म्हणून विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नाही म्हणाले. पण आई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला. बाईंनी पिना बाजूला सारल्या, मला उचललं आणि तोंडावर चढवलं. जबडा पुरा झाकला गेला. आईंचं माप होतं ना! आरशात बघून बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मित्रांनो, मला वेड्याला आनंद झाला. वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चला, पुन्हा उपयोगी पडलो.

तो आनंद वर्गात पाऊल टाकेपर्यंतच टिकला. मुलांनी माना वर केल्या. जिथे ओठ असायचे तिथे मी होतो. बाई मोठ्याने बोलल्या, अगदी घसा ताणून, पण ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यापुढे ओरडून काय उपयोग? बाईंनी 'प' म्हटला आणि पट्टी धरली. वारा सगळा माझ्यात अडकला. पट्टी ढिम्म. भिंगरीने ते नीट पाहून ठेवलं. तिचा नंबर आला तेव्हा तिने श्वास कोंडून, ओठ नुसते मिटून उघडले आणि न हललेली पट्टी अभिमानाने दाखवली. तिला वाटलं, आता असंच करायचं असतं! मी आतून ओरडत होतो, बाई, बघा, मुलगी चुकीचं शिकतेय! पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

हळूहळू मुलांनी बाईंच्या तोंडाकडे बघणं सोडलं. विहिरीत पाणी नाही हे कळल्यावर तिथे घागर कोण नेणार? बाई काही म्हणाल्या की ती नुसत्या माना डोलवायची. समजलं? मान. उद्या आणाल? मान. भिंगरीचा "का?" बंद पडला. आणि आमच्या बाई घरी काय सांगत होत्या? "आई, हल्ली मुलं किती शहाणी झालीत! एक प्रश्न विचारत नाहीत."

आई म्हणाल्या, "प्रश्न विचारत नाहीत? मग आजारी आहेत का?" बाई हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

इकडे तोंडाचीही तीच गत. दिवसभराचा घाम, श्वासाची वाफ आणि माझं घासणं. जे झाकायला मला आणलं होतं ते मीच चिघळवत होतो. कधी मी न धुतलेलाच पुन्हा चढायचो, कधी साबणाची पूड माझ्यात तशीच राहायची. फोड वाढले की बाई मला आणखी घट्ट ओढायच्या. मी वाढवायचो, त्या ओढायच्या. यातून सुटका कशी व्हावी सांगा!

शेवटी आईंनी त्यांना धरूनच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "लिंबू चोळलंत? टूथपेस्ट? अहो, ती दातांची असते," म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "हे पाहा, तुम्ही काही चुकलात म्हणून हे झालेलं नाही. हे शरीरातल्या हार्मोन्सचं काम आहे. तुमच्या वयात पुष्कळ जणींना होतं. आणि लागट तर मुळीच नाही."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. त्यावर हलकं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि झोपताना ट्यूबमधलं मलम मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. "सुरुवातीला जास्तच दिसेल. घाबरून सोडायचं नाही. दोन-तीन महिने तरी दम धरा." मग बाईंच्या मांडीवर पडलेल्या माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "हा दिवसभर असतो का?"

"शाळेत लागतो," बाई पटकन म्हणाल्या. "मुलांना सारखी सर्दी असते."

खोटं! धादांत खोटं! मुलांची नाकं कोरडी ठणठणीत होती.

"मग रोज धुतलेलाच घाला," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि जमेल तेवढा काढा. घासून घासून ते बरं व्हायचं नाही."

बाईंनी बाकी सगळं इमानेइतबारे पाळलं. डब्यांची रांग गेली, चारच वस्तू उरल्या. कपाळ आणि गाल शांत झाले. माझ्याखालचा जबडा मात्र लाललाल राहिला. मला रोज धुऊन वाळवायला लागल्या एवढीच काय ती माझ्या नशिबातली प्रगती.

आणि तो दिवस उगवला. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. भिंगरीची आई कोपऱ्यात हातात हात घट्ट धरून बसली होती. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. गुडघे टेकून भिंगरीच्या समोर बसल्या आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "तुझं नाव काय?"

भिंगरीने त्यांच्या कुडत्याच्या बटणाकडे बघत मान डोलवली.

"तू कुठे राहतेस?"

मान.

मग मुख्याध्यापिकांनी हलकेच विचारलं, "तुला पंख आहेत का?"

भिंगरीने गोड हसून मान डोलवली.

मुख्याध्यापिका उठल्या. "बाई, पोर हुशार असेल, पण ही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतच नाही. तिला ती सवयच नाही."

"पूर्वी बघायची हो!" भिंगरीची आई कळवळून म्हणाली. "डोळे फाडून बघायची. हल्लीच काय झालंय..." आणि बोलता बोलता तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. तिचं वाक्य पुरं झालंच नाही.

मला बाईंचा ओला, गरम श्वास लागला आणि त्याबरोबर डोळ्यांतलं पाणीही माझ्यात उतरलं. सगळ्या माना, सगळं शहाणपण त्यांना एका क्षणात उलगडलं असणार. त्यांचा हात कानाकडे गेला. इलास्टिक केसांत अडकलं, त्यांनी ते ओढून काढलं. मी हातात लोंबकळत राहिलो. हनुवटी, जबडा, लाल फोड, काळे डाग, सगळं उघड्यावर. दोन परक्या बायकांपुढे.

त्या भिंगरीसमोर खाली बसल्या आणि तिची हनुवटी उचलून म्हणाल्या, "भिंगरी. माझ्याकडे बघ."

भिंगरीने पाहिलं. आधी ओठांकडे, मग फोडांकडे, मग पुन्हा ओठांकडे. तिचं बोट वर आलं. कोपऱ्यातून तिची आई "अगं" म्हणाली, पण उठली नाही. ते बोट जबड्याला अगदी हळूच टेकलं.

"बाई," तिच्या अडखळत्या, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "दुखतं का?"

किती महिन्यांनी तिने काहीतरी विचारलं होतं! उत्तर ओठांवर दिसायला हवं म्हणून बाईंनी ते स्पष्ट दिलं. "हो. दुखतं."

तुम्हाला वाटेल, मुख्याध्यापिका विरघळल्या आणि भिंगरीला प्रवेश मिळाला. तसं झालं नाही. "पुढच्या वर्षी आणा," त्या म्हणाल्या. "एवढ्या मुलांत ही नुसती मान डोलवत बसली तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही." त्यांचं खरं होतं. पोरीचं वर्ष गेलं ते गेलंच. ते माझ्या दोन पदरांत गेलं, आणि ते परत द्यायला माझ्याकडे काही नाही.

आता वर्ग चालू असताना मी दाराबाहेरच्या खुंटीवर असतो. रस्त्यात बाई अजून मला घालतात. लोकांच्या नजरा सोसण्याइतकं बळ रोज कुठून आणायचं? फोड कमी झालेत, पण गेलेले नाहीत. दोन बसले की एक उठतो. मित्रांनो, मास्क वापरलात तर रोज धुवा, उन्हात वाळवा. पण माझी खरी काळजी घ्यायची असेल तर ज्याने मला घातलंय त्याची घ्या. त्याच्या हनुवटीवर सल्ले फेकू नका. विचारायचंच असेल तर भिंगरीने विचारलं तेवढंच विचारा.

आज सकाळी एक नवा, मोठा फोड आलाय. बाई वर्गाच्या दाराशी थांबल्यात. इलास्टिकवर बोटं आहेत, पण बोटं हलत नाहीत. काढा ना, बाई, मी म्हणतोय, काढा! पण मला स्वतःहून गळून पडता येत नाही. दाराच्या फटीतून आत भिंगरी दिसतेय. कागदाची पट्टी तोंडासमोर धरून ती कधीची आमच्याकडे बघत बसलीय.