दोरी सोडलेला पाळणा

मी पाळणा बोलतोय. सध्या सारजाबाईंच्या माळ्यावर आहे आणि माझ्यात कांदे भरलेत. त्याचा मला राग नाही. राग आहे तो ‘रडू द्या, आपोआप शिकेल’ या वाक्याचा. ते कानावर पडलं की माझ्या कड्या अजून करकरतात.

भांडगावच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, सारजाबाईंच्या पहिल्या मुलासाठी. पाळणा विकायचा नाही, ज्याला लागेल त्याला द्यायचा आणि परत देणाऱ्याने तो रिकामा द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. कुरकुंभला त्यांच्या चाळीत इनुस आणि मुमताज भाड्याने राहत. सत्त्याण्णव साली त्यांना मुलगी झाली, निखत. मग मी त्यांच्या खोलीत पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला लटकलो.

मुमताज माझ्या दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि भाकरी थापायची. पोर गाढ झोपायची.

इनुस औषधाच्या कंपनीत शिफ्टला होता. रात्रपाळी करून दिवसा झोपायला बघायचा. एक दिवस तो साहेबाचं ऐकून आला.

“सायबाच्या घरी पोराला कुणी हलवत न्हाई. वेगळ्या खोलीत ठेवत्यात. रडून रडून शिकतं ते. आपली बी शिकंल. दुपारचा भोंगा झाला की झोपायचं, बास!”

“आपली खोलीच एक हाय,” मुमताज म्हणाली. “वेगळी कुठं ठिऊ, रस्त्यावर?”

तरी त्याने माझी दोरी सोडलीच.

असा संताप झाला माझा! जिच्या तोंडात अजून दात नाही, तिला भोंगा पाळायला सांगता? ती काय कंपनीत कामाला लागली होती? निखत आधी हाक मारल्यासारखी रडली, मग घसा बसेपर्यंत रडली. मुमताजचे हात पिठात, डोळ्यांत पाणी. ती उठली की इनुस म्हणायचा, “बस खाली.” आणि मी लाकडाचा मेला, मला स्वतःहून हलताही येईना.

दोन-तीन दुपारी असंच चाललं. मग एकदा ती गप्प झाली. “बघ, शिकली,” इनुस म्हणाला.

शिकली कसली? जागीच होती. टक लावून पत्र्याकडे बघत होती. आपल्याला घ्यायला कुणी येत नाही, एवढंच ती शिकली होती.

तेवढ्यात सारजाबाई आल्या. दोरी दिसेना, तेव्हा विचारलं. मुमताजने सगळं सांगितलं.

“इनुस, कंपनीत किती वर्सं झाली रं तुला?”

“सात झाली, मावशी.”

“शिफ्ट बदलली की झोप लागती का?”

“कुठली मावशी! आठवडाभर डोळ्याला डोळा लागत न्हाई.”

“सात वर्सांत तुला झोपायला शिकवणं कंपनीला जमलं न्हाई, आन् तू सहा म्हैन्याच्या पोरीला शिकवतोस व्हय?”

सारजाबाईंनी दोरी बांधली आणि तिचं टोक इनुसच्याच अंगठ्याला अडकवलं. “हलीव पाय.”

तो पडल्या पडल्या पाय हलवू लागला. निखतने आधी मान वळवून पाहिलं, एक हुंदका दिला, मग अंगठा तोंडात घातला. पण तिच्याआधी इनुसच घोरायला लागला.

निखत चालू लागल्यावर मुमताजने मला परत दिलं, आत गहू आणि गुळाचा खडा ठेवून. पुढे मी आणखी घरं फिरलो. आता मात्र कुणी मागायला येत नाही. पाळण्याची सवय लागते म्हणे!

अहो, रडलं की कुणीतरी येतं, याची सवय लागली तर बिघडलं काय? एवढे कांदे काढा आणि मला ओल्या फडक्याने पुसून घ्या. दोरी माझ्याजवळच आहे.